मीटिंगमध्ये तोंडच उघडत नाही, मग काम कोणाला दिसणार?

मांडवीकाठ:
रत्नागिरीत आंबा पल्पच्या फॅक्टरीत क्वालिटी लॅबला आहे, हा सहावा सीझन. स्वभाव लहानपणापासून अबोल, चार माणसं जमली की घशातून शब्द निघत नाही. यंदा मे महिन्यात माझ्या लक्षात आलं की काढल्यावर दुपारपर्यंत तापलेल्या कातळावर पडून राहिलेल्या मालात साका, म्हणजे आतल्या गराचा खराब झालेला पांढरट भाग, जास्त निघतोय. साका वरून कळत नाही, फळ कापल्यावरच दिसतो, म्हणून रोज प्रत्येक लॉटची २५ फळं कापायची, टेम्पोवाल्यांना माल कधी उतरवला कुठे ठेवला ते विचारायचं आणि वहीत लिहायचं असं तीन आठवडे केलं. मग सुपरवायझरना सांगितलं की बागायतदारांना सकाळीच काढून लगेच सावलीत ठेवायला सांगूया. पुढच्या मीटिंगमध्ये त्यांनी तेच स्वतःचं म्हणून मांडलं, सगळे वा वा करत होते आणि मी तिथेच बसलेली. आई म्हणते बोलणाऱ्याची बोरं विकतात, तुझे हापूस पण पडून राहतील. रात्रभर झोप नाही लागली. काय करू?

बंदरावरचा:
ताई, बोलता येत नसेल तर लिहा. मी मासळीच्या प्लांटला आहे, मी पण असाच. तोंडी काही सांगितलं की त्याच संध्याकाळी मेल टाकायचा, "आज सांगितल्याप्रमाणे" अशी सुरुवात करून, खाली आकडे, आणि मॅनेजरना कॉपी. भांडण नाही काही नाही, पण कोणी सांगितलं ते कागदावर राहतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा आमच्याकडे काम कमी, त्या दिवसांत मी वर्षभराचे असे मेल काढून एका पानावर मांडतो आणि अप्रेझलला तेच पान पुढे करतो.

चिपळूणची:
मी दुसऱ्या बाजूने सांगते, माझ्या हाताखाली १४ जण आहेत. दोघं-तिघं रोज केबिनमध्ये येऊन सांगून जातात, बाकीच्यांचं मला खरंच कळत नाही गं, आणि ह्याचं वाईट वाटतं. तू मीटिंगच्या आदल्या दिवशी मॅनेजरना एकटीने भेट आणि सांग की लॅबचा मुद्दा मी मांडते, दोन मिनिटं द्या. आणि सरळ वहीतून वाच. वाचून दाखवलं म्हणून कोणी कमी लेखत नाही, उलट आकडे हातात असले की लोक गप्प ऐकतात. टेम्पोवाल्यांशी बोललीस ना एकेकट्याशी? तसंच हे.

खाडीपलीकडे:
सगळे हिलाच बदलायला सांगताय. दुसऱ्याचं काम आपल्या नावावर खपवलं, ती चूक त्या सुपरवायझरची, अबोलपणाची नाही. तीन आठवडे न कंटाळता फळं कापत बसणं बडबड्या माणसाला जमलं असतं का?

मांडवीकाठ:
वाचून डोळे भरून आले. वहीच्या पानांचे फोटो काढलेत, उद्या सकाळी मॅनेजरना मेल टाकते. फक्त एक सांगा, "आम्ही पाहिलं" लिहू की "मी पाहिलं"?

चिपळूणची:
मी. आणि प्रत्येक पानाची तारीख घाल.