मदत हवी आहे: नववी-दहावीच्या पोरांना क्वांटम आणि एआय कुठून सुरू करून सांगू?

नमस्कार मंडळी,

यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याकडच्या एका गावात हायस्कूलला विज्ञान शिकवतो. विज्ञान दिन म्हणजे रमणांच्या फोटोला हार, दोन भाषणं आणि ज्वालामुखीचं मॉडेल, असं वर्षानुवर्षं चाललंय. यंदा शनिवारची सकाळची शाळा सुटल्यानंतरचा वेळ मागून घेतलाय. विषय क्वांटम विज्ञान आणि एआय. "हे बोर्डाला येते का?" हे मुख्याध्यापकांनी विचारलंच. २०२४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल हॉपफील्ड आणि हिंटन यांना एआयचा पाया असलेल्या न्यूरल नेटवर्कच्या कामासाठी, आणि २०२५ चं क्लार्क, डेव्होरे, मार्टिनिस यांना विद्युत परिपथात क्वांटम परिणाम दाखवल्याबद्दल मिळालं, एवढं सांगितल्यावर हो म्हणाले.

आठवीत 'अणूचे अंतरंग' झालंय, त्यामुळे बोरच्या कक्षा पोरांना माहीत आहेत. बाकी सगळं मोबाइलवरून आलेलं. क्वांटम म्हणजे एकच वस्तू एका वेळी दोन ठिकाणी, आणि एआय म्हणजे निबंध लिहून देणारं ॲप. त्यात 'क्वांटम ऊर्जे'ची लॉकेटं विकणारेही गावात येऊन जातात. म्हणून मला चमत्कार दाखवायचे नाहीत. जे सांगीन ते पोरांना हातानं करून बघता यावं. प्रोजेक्टर आहे, पण लाइनीचा भरवसा नाही.

एक प्रयोग वर्गात करून बघितला. बिघडलेल्या एलसीडी मॉनिटरची पोलरायझर फिल्म (ठरावीक दिशेत कंप पावणारा प्रकाशच पलीकडे जाऊ देणारी) मिळाली होती, तिचे तुकडे कापले. दोन तुकडे एकमेकांना काटकोनात धरले की अंधार. आता त्या दोघांच्या मधे तिसरा तुकडा ४५ अंशांत सरकवला की उजेड परत येतो! तिसरा तुकडा बाहेरून, पुढे किंवा मागे धरला तर मात्र काही होत नाही. एक पोरगी लगेच म्हणाली, "सर, मधात अजून एक आडकाठी टाकली, त उजेड वाढला काहून?" असा प्रश्न यायला मी वर्षभर वाट बघतो.

पण इथंच माझी अडचण आहे. हे सगळं प्रकाश ही लहर मानूनही सुटतं, एकोणिसाव्या शतकातल्या गणितानं. मग 'क्वांटम' म्हणून हे दाखवणं प्रामाणिकपणाचं आहे का? नसेल तर सुरुवात कशानं करू?

दुसरं, एआयचं. कपाशीची चांगली पानं आणि लाल्या (पानं लाल पडण्याचा रोग) पडलेली पानं यांचे फोटो देऊन मोबाइलला ओळखायला शिकवावं असा विचार आहे. पण ते केलं तरी आत काय चाललंय ते दिसत नाहीच. नेट, लाइन न लागता शिकणारं यंत्र दाखवता येईल का?

प्रतिसाद १

सर, पोलरायझर ठेवा, पण पहिला नको. आधी अंधारात चमकणारे चांदण्यांचे स्टिकर आणा. खोली अंधारी करून स्टिकरवर लाल एलईडी कितीही वेळ धरा, स्टिकर चमकत नाही. एकाच्या जागी दहा लाल एलईडी लावा, तरी नाही. निळा एलईडी क्षणभर दाखवला की चमकतो. उजेड किती यापेक्षा कुठल्या रंगाचा, यावर सगळं ठरतं, कारण प्रकाशाची ऊर्जा पुड्यांनी येते (क्वांटम म्हणजे हीच पुडी) आणि निळ्याची पुडी लालपेक्षा मोठी असते. ही पुड्यांची कल्पना प्लँकनं १९०० मध्ये आणि आइन्स्टाइननं १९०५ मध्ये मांडली, हे नंतर सांगा. टॉर्चवर लाल जिलेटीन पेपर लावून भागवू नका, त्यातून थोडा निळा निसटला तर प्रयोग फसतो.

मग पोलरायझर. पुड्या पटल्या की विचारा: एकच पुडी ४५ अंशांच्या फिल्मवर आली तर काय? अर्धी पुडी पलीकडे जात नाही. जाते तर अख्खी, नाहीतर नाहीच, आणि शक्यता निम्मी-निम्मी. पलीकडे गेलेलीची दिशाही फिल्मप्रमाणे बदललेली असते. लहरीच्या गणितात हे 'अख्खी किंवा नाही' बसत नाही. तुमच्या फिल्मनं एकेक पुडी दिसणार नाही, तेवढं मात्र पोरांना स्पष्ट सांगा. आणि थिएटरचे थ्रीडी चष्मे वापरू नका, त्यातल्या बऱ्याच चष्म्यांत वर्तुळाकार ध्रुवण (वेगळ्या प्रकारचं पोलरायझेशन) असतं, पोरं गोंधळतील.

प्रतिसाद २

एआयसाठी आगपेट्या गोळा करा. डोनाल्ड मिची यांनी १९६१ मध्ये ३०४ आगपेट्यांचं फुली-गोळा खेळणारं यंत्र बनवलं होतं. तेवढ्या नकोत. ३ बाय ३ च्या पटावर तीन-तीन प्याद्यांचा छोटा खेळ आहे, त्याला २४ पुरतात. प्रत्येक पेटीवर पटाची एक स्थिती काढायची, आत प्रत्येक शक्य चालीचा एक दाणा. आमच्याकडे तूर, मूग, चणा आणि बरबटी वापरली. यंत्राची पाळी आली की पेटी हलवून न बघता दाणा काढायचा, ती चाल खेळायची. यंत्र हरलं की त्याच्या शेवटच्या चालीचा दाणा काढून टाकायचा. पेटी रिकामी झाली तर त्याच्या आधीच्या चालीचा काढायचा. आधी पोरं हसत हसत जिंकतात, मग हळूहळू हरायला लागतात, आणि चिडून पेट्या उघडून बघतात. आत दाण्यांशिवाय काही नसतं.

पानांचा प्रयोग त्यानंतर करा. चांगली पानं पांढऱ्या कागदावर आणि लाल्याची पानं मातीवर ठेवून मुद्दाम फोटो काढा. मग चांगलं पान मातीवर ठेवा, मोबाइल बहुतेक त्याला लाल्याच म्हणेल. का, ते पोरंच शोधतील.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. दाणे घरोघरी आहेत, आगपेट्या पोरांना सांगून ठेवतो. स्टिकर यवतमाळला स्टेशनरीच्या दुकानात बघतो. एकच राहिलं: मॉनिटरची फिल्म सोलताना तिच्या मागचा गोंद तसाच चिकटून राहतो आणि फिल्म धूसर दिसते. ओरखडे न पडता तो कशानं निघतो, कुणी केलंय का?