जर्मनीहून आणलेली लाइन चाकणला बसवताना कायझेन मागे घ्यावे का?

प्रश्न (प्रकल्प अभियंता, चाकण):
नमस्कार मंडळी. आमच्या मूळ कंपनीच्या जर्मनीतील कारखान्यात अनेक वर्षे चाललेली ॲल्युमिनियम हाउसिंगची मशिनिंग लाइन सहा महिन्यांपूर्वी चाकणला हलवण्यात आली असून स्थलांतराची जबाबदारी माझ्याकडे आहे. यंत्रे तीच, प्रोग्रॅम तोच, टूल पुरवणाराही तोच. तरीही ८० मिलिमीटरच्या बोअरमध्ये (नगातील गोल छिद्रात), ज्याला एच-७ म्हणजे अवघी ३० मायक्रॉनची सूट आहे, सकाळी थोडे आणि दुपारपाळीत हमखास रिजेक्शन येते. लाइनवरच्या टेबलावर बोअर गेजने बरोबर लागलेला नग स्टँडर्ड रूममध्ये (२० अंशांवर राखलेल्या मोजमाप खोलीत) सीएमएमवर, म्हणजे त्रिमितीय मोजमाप यंत्रावर, लहान भरतो. जर्मन सहकारी म्हणतात की तुम्ही केलेला बदल आधी मागे घ्या. बदल केला हे खरे आहे. वॉशिंग मशीननंतर नगांची ट्रॉली पाऊण तास नुसती उभी राहत असे. आमच्या कायझेन (छोट्या-छोट्या सततच्या सुधारणा करणाऱ्या) गटाने ती काढली आणि धुतलेला नग थेट तपासणीला येऊ लागला. लाइनवर अडकून पडणारा माल त्यामुळे निम्म्यावर आला आणि गटाला पारितोषिकही मिळाले. आता तीच ट्रॉली परत आणा, असे ऑपरेटरांना कोणत्या तोंडाने सांगायचे?

उत्तर १ (गुणवत्ता विभाग, वाळूज):
आपल्या प्रश्नातच उत्तर आहे, असे मला वाटते. वॉशिंग मशीनमधून नग बाहेर येतो तेव्हा त्याचे तापमान किती असते, ते आधी मोजा. ॲल्युमिनियम दर मीटरला दर अंशाला साधारण २३ मायक्रॉन प्रसरण पावते. ३० अंशांच्या शेडमध्ये तुमचा नग ४५ अंशांवर असेल, तर केवळ त्या १५ अंशांमुळे ८० मिलिमीटरचा बोअर सुमारे २८ मायक्रॉन मोठा दिसेल, म्हणजे जवळजवळ सगळी सूट तापमानानेच खाल्ली. ऑपरेटर बिचारा गेजवर विश्वास ठेवून ऑफसेट (यंत्रातील टूलच्या मापाची दुरुस्ती) कमी करतो, आणि २० अंशांच्या खोलीत नग निवला की बोअर लहान भरतो. ती ट्रॉली नुसती उभी नव्हती. तिच्यावर नग निवत होते.

उत्तर २ (स्टुटगार्टजवळून, उत्पादन नियोजन):
वरील हिशेब योग्य आहे, पण ट्रॉली परत आणून काम संपणार नाही. येथील बऱ्याच शेडमध्ये हवामान बारा महिने जवळपास सारखे राखलेले असते, त्यामुळे नग निवला की तो २० अंशांच्या आसपास येतो. चाकणला तो निवून निवून शेडच्या तापमानालाच येणार. ३० अंशांवर ॲल्युमिनियमचा नग आणि पोलादी सेटिंग रिंग (जिच्यावर बोअर गेज जुळवतात ती) एकाच टेबलावर ठेवली, तरी दोहोंच्या प्रसरणातील फरकामुळे सुमारे ९ मायक्रॉनची चूक उरतेच. रिंग स्टँडर्ड रूममधून आयत्या वेळी आणत असाल तर विचारूच नका. नगाच्याच मिश्रधातूची रिंग करून घ्या आणि ती रात्रंदिवस टेबलावरच राहू द्या.

दुसरी गोष्ट माणसांची. आमच्या कारखान्यातून एक लाइन पोलंडला गेली तेव्हा मी महिनाभर जुन्या ऑपरेटरशेजारी उभा होतो. ते गृहस्थ गेज लावण्यापूर्वी प्रत्येक नगावर तळहात ठेवत आणि काही नग न मोजताच बाजूला सरकवत. कार्यसूचनेत याबद्दल एक ओळही नव्हती. त्यांना विचारले तेव्हा ‘हा अजून गरम आहे’ एवढेच म्हणाले. त्यामुळे जर्मन सहकाऱ्यांना ‘बदल का मागे घ्यायचा’ असे विचारण्यापेक्षा ‘ही ट्रॉली येथे कोणी आणि कशासाठी उभी केली’ असे विचारा, आणि जमल्यास कार्यालयातील व्यवस्थापकाऐवजी लाइनवरच्या माणसाला विचारा. येथील सकाळपाळी दोनच्या सुमारास सुटते, तेव्हा भारतात उन्हाळ्यात साडेपाच आणि हिवाळ्यात साडेसहा वाजलेले असतात. त्याआधीची वेळ ठरवलीत, तर तो माणूस भेटेल.

उत्तर ३ (निवृत्त उत्पादन अभियंता, पिंपरी):
कायझेन गटाला दोष देऊ नका, ही कळकळीची विनंती. टोयोटाच्या ताइइची ओहनो यांनी सांगितलेल्या सात अपव्ययांत ‘थांबणे’ आहे, त्यामुळे उभी ट्रॉली पाहून मुलांनी जे केले ते त्यांना शिकवल्याप्रमाणेच केले. निवणे किंवा सुकणे हे बाहेरून थांबण्यासारखेच दिसते आणि तसे फलकावर कोणी लिहिलेले नसते. त्याच गटाला बोलवा, त्यांच्यासमोर मोजमाप करा आणि पंख्याखालचा छोटा कूलिंग बोगदा त्यांनाच बनवू द्या, म्हणजे माल अडकणार नाही आणि नगही निवेल. आणखी एक सांगतो. ग्राहकाकडून पीपीएपी (उत्पादन सुरू करण्यापूर्वी नग आणि प्रक्रियेला घ्यायची मंजुरी) मंजूर झाली असेल, तर मंजूर प्रक्रियेत केलेला असा बदल त्यांना कळवला होता का, ते तपासा. आयएटीएफ १६९४९ या वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकाच्या ऑडिटमध्ये रिजेक्शनपेक्षा हा मुद्दा महागात पडू शकतो.

प्रश्नकर्ता:
सर्वांचे मनापासून आभार. काल दुपारपाळीत दहा नग धुतल्याबरोबर मोजले आणि तेच तासाभराने मोजले. सरासरी २६ मायक्रॉनचा फरक आला. मोजताना गटातील दोन ऑपरेटर शेजारी होते आणि दुसरे वाचन येताच त्यांच्यातील एकाने स्वतःहून ट्रॉली कुठे ठेवली आहे ते सांगितले. बोगदा तयार होईपर्यंत ती आजपासून परत लावली आहे. ॲल्युमिनियम रिंगची मागणी नोंदवली असून ग्राहकाला कळवण्याचे पत्र गुणवत्ता विभागाकडे दिले आहे.