मार्ग तयार, गाडी नाही : तुमचे अनुभव लिहा

भरतीओहोटी (धागाकर्ती)

मंडळी, नवी मुंबई आणि उरण पट्ट्यातल्या सगळ्यांसाठी हा धागा काढतेय. बेलापूर-पेंधर मेट्रोचं भूमिपूजन 1 मे 2011 ला झालं आणि प्रवाशांना घेऊन पहिली गाडी सुटली 17 नोव्हेंबर 2023 ला. लांबी 11 किलोमीटर, स्टेशनं 11. उरणची लोकल नव्वदच्या दशकात मंजूर झालेली. ती 2018 च्या नोव्हेंबरात खारकोपरपर्यंत आली आणि पुढे उरण गाठायला 12 जानेवारी 2024 उजाडला.

कामाला वेळ लागतो हे मला मान्य आहे. उरणच्या वाटेत कांदळवन होतं, वनखात्याची जमीन होती, गावांच्या मोबदल्याचे प्रश्न होते. ते घाईने उरकायचे नव्हतेच. मेट्रोचे ठेकेदारही मध्येच बदलावे लागले. माझा राग त्याच्या पुढच्या काळावर आहे. रूळ पडले, तारा ओढल्या, चाचणीच्या रिकाम्या गाड्या डोळ्यांसमोरून जाऊ लागल्या, मेट्रोला सुरक्षा आयुक्तांचं प्रमाणपत्रही मिळालं, तरी फाटकं उघडली नाहीत. सेंट्रल पार्क ते पेंधर हा टप्पा तर आधीच तयार होता. तोही थांबवून ठेवला. मोठ्या हस्ते उद्घाटन होणार, मग तारीख पुढे गेली, असं वाचत राहिलो, आणि शेवटी मेट्रो सुरू झाली ती समारंभाशिवायच. मग आधी का नाही?

त्या दिवसांत तुमच्या घरात काय चाललं होतं ते लिहा. ऐकीव नको, स्वतःचं लिहा.

तळोजावासी

ताई, धागा काढलात, बरं केलंत. आम्ही 2016 मध्ये तळोजा फेज एकला घर घेतलं. बिल्डरच्या माणसाने गच्चीवर नेऊन खांब दाखवले होते, "दोन वर्षांत इथून बसा, बेलापूरला उतरा." खांब खरेच उभे होते, म्हणून आम्हीही हिशेब त्याच्यावरच मांडला. बायकोचं ऑफिस बेलापूरला. हप्ता दोघांच्या पगारावर बेतलेला.

दोन वर्षं गेली, चार गेली. ती सकाळी शेअर रिक्षाने खारघर स्टेशन गाठायची, तिथून लोकल. पावसाळ्यात रस्त्याची चाळण व्हायची. 2022 ला तिला दिवस गेले. डॉक्टरांनी त्या रस्त्याने रिक्षाचा प्रवास नको म्हणून बजावलं. स्वतंत्र गाडी रोज परवडणारी नव्हती. तिने रजा मागितली, नंतर राजीनामा दिला. त्याच महिन्यांत आमच्या खिडकीतून मेट्रोची गाडी चाचणीला जाताना दिसायची, आत दिवे लावलेले, सगळी बाकं रिकामी. ती खिडकीचा पडदा ओढून घ्यायची.

मेट्रो सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात आम्ही मुलाला घेऊन बसलो. गाडी छान आहे, वेळेवर असते, सुरुवातीला 10 ते 40 रुपये तिकीट होतं. पण तिची जागा दुसऱ्याला मिळाली होती. आता ती पुन्हा नोकरी शोधतेय आणि मधल्या वर्षांचा खुलासा प्रत्येक मुलाखतीत तिलाच करावा लागतोय.

करंजाची_लेक

माझी आई उरणजवळच्या करंजाहून मावरं, म्हणजे मासळी, घेऊन नवी मुंबईच्या बाजारात बसते. पहाटे टेम्पोत सहा-सात जणी पाट्यांसकट कोंबून जायच्या. करळ फाट्याला कंटेनरची रांग लागली की बर्फ वितळायला लागायचा. बांगडा तग धरतो, पण बोंबील नाही. दुपारी पडेल त्या भावाने द्यायचा.

लोकलची बातमी आली की मी आईला वाचून दाखवायचे. 2023 साली तर सारखीच यायची. आता सुरू, पुढच्या महिन्यात सुरू. आई म्हणायची, "गारी येल तवा येल, माजं मावरं थांबनार हाय का?" नंतर नंतर मी वाचून दाखवणं बंद केलं.

आता ती लगेज डब्यातून जाते. टेम्पोच्या भाड्याच्या मानाने खर्च काहीच नाही. म्हणूनच जास्त लागतं मनाला. एवढं साधं सुख होतं, आणि तिचे गुडघे धड होते तेव्हा ते मिळालं असतं.

मोराबंदर

आमच्यासारख्या उरणकरांना मुंबई म्हणजे मोरा ते भाऊचा धक्का. लाँच झकास, पण ओहोटीला मोऱ्याला गाळामुळे ती धक्क्याला लागत नाही आणि वादळाच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा लागला की बंदच. मग एसटी नाहीतर बस धरायची, आणि रस्त्यावर कंटेनर. माझं कॉलेज मुंबईत. एका जुलैत लाँच बंद, जासईजवळ ट्रेलर उलटलेला, आणि माझी प्रॅक्टिकलची परीक्षा बुडाली. तेव्हा खारकोपरपर्यंत गाडी येऊन थांबलेली होती. पुढचे रूळ कधी होणार, एवढंच आम्ही पोरं एकमेकांना विचारायचो.

उलवेकर

आम्हाला उलव्यात लोकल 2018 लाच, खारकोपरपर्यंतच्या टप्प्यात मिळाली म्हणून इथले लोक नशीबवान समजले जातात. पण गाड्यांमधलं अंतर एवढं की एक चुकली तर दिवस चुकला. गाडी सुरू होणं आणि ती उपयोगाची होणं यातही वर्षं जातात, तेही धाग्यात यायला हवं.

वीर_ते_वैभववाडी

मी कोकण रेल्वेच्या कामावर होतो, आता निवृत्त. रोहा ते मंगळुरूजवळचं ठोकूर सुमारे 740 किलोमीटर, 90 हून जास्त बोगदे. महामंडळ 1990 ला स्थापन झालं, अखंड मार्ग 26 जानेवारी 1998 ला सुरू झाला. ठरल्या मुदतीहून उशीर त्यालाही झालाच. पेडण्याच्या बोगद्यात मऊ माती सारखी ढासळायची, तिथे माणसंही गेली. त्या उशिराचा राग कुणी आमच्यावर काढला नाही, कारण लोकांना दिसत होतं आम्ही काय करतोय.

आणि एक गोष्ट केली होती. रोहा-वीर तुकडा 1993 मध्येच उघडला. पुढे डोंगर फोडणं चालू होतं, तरी जेवढं तयार झालं तेवढं लोकांच्या हाती दिलं. वीरला गाडी आली त्या दिवशी महाडकडची माणसं नुसती डबा हाताने चाचपून बघत होती. म्हणून सेंट्रल पार्क ते पेंधर तयार असून बंद ठेवलं हे वाचलं तेव्हा मला फार वाईट वाटलं. प्रमाणपत्र आलं की ठरावीक दिवसांत प्रवासी वाहतूक सुरू झालीच पाहिजे, असा नियम हवा. समारंभ मागाहून कधीही करता येतो.

खाडीपलीकडे

काका, पूर्ण सहमत. आम्ही घोडबंदर रोडवाले. 2025 च्या सप्टेंबरात गायमुखकडे मेट्रोची चाचणी झाली तेव्हा सोसायटीत पेढे वाटले होते. बाकी आमचं दुखणं वेगळा धागा काढून लिहीन.

बोकडवीरा

आमच्या वडिलांच्या शेतावरून उरणचे रूळ गेलेत. मिठागर, भातशेती, सगळं याच विकासाला दिलं. उशिराबद्दल शहरातली माणसं बोलतात तेव्हा कधीकधी गाववाल्यांनी अडवलं असं सहज लिहून जातात. आम्ही अडवलं ते मोबदल्यासाठी, नोकरीसाठी, आणि स्टेशनांना आमच्या गावांची नावं मिळावीत म्हणून. ज्या जमिनीवर स्टेशन उभं आहे त्या गावाचं नाव पाटीवर असावं, यात चूक काय? ही बोलणी रूळ टाकायच्या आधी उरकली असती तर सगळ्यांचीच वर्षं वाचली असती. वडील 2021 ला गेले. त्यांनी या रुळांवर फक्त मातीची गाडी बघितली.

भरतीओहोटी

बोकडवीरा दादा, तुम्ही लिहिलंत ते वरच्या माझ्या मजकुरात यायलाच हवं होतं. प्रकल्पग्रस्तांपैकी आणखी कुणी असाल तर नक्की लिहा.

उलवेकरांच्या मुद्द्यावरही सगळ्यांनी लिहा : तुमच्या स्टेशनवर सकाळी सात ते नऊ कोणत्या गाड्या आहेत, शेवटची किती वाजता सुटते, ती चुकली तर घरी कसं पोचता. उरण सुरू झालं तेव्हा गव्हाण आणि तरघर या स्टेशनांवर गाडी थांबत नव्हती, तिथल्या लोकांचे त्या काळातले हाल खास हवेत. रविवारी हे सगळं एकत्र करून प्रवासी संघटनेच्या बैठकीत देणार आहे.