किराणा दुकानाचं मिनी मार्ट करतोय, बास्केट आणि रॅक कसले घ्यावेत?

फुलेवाडीकर_पोरगा

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात फुलेवाडीत आमचं किराणा दुकान आहे. आजोबांनी सुरू केलं, आता बाबा आणि मी बघतो. आजवर सगळा कारभार काउंटरवरनं. गिऱ्हाईक यादी देणार, आम्ही माल काढून देणार. आता मागचं गोडाऊन आत घेतलंय, त्यामुळं दुकान १८ फूट रुंद आणि ३२ फूट लांब होतंय. म्हटलं लोकांनी आत फिरून हातानं माल घ्यावा असं करूया.

एक रॅकवाला येऊन लॅपटॉपवर ड्रॉइंग दाखवून गेला. दोन्ही भिंतींना १८ इंच खोलीचे रॅक, मध्ये दुतर्फा माल लागणाऱ्या गोंडोला रॅकच्या दोन ओळी, त्याही प्रत्येक बाजूला १८ इंच. शिवाय ५० बास्केट आणि ४ ट्रॉल्या. स्क्रीनवर एकदम मॉल दिसतंय. बाबांनी चष्मा लावून बघितलं आणि एवढंच म्हणाले, "टोपली हातात दिली की गिऱ्हाईक बिचकतंय. भरायलाच पाहिजे असं वाटतंय त्याला."

बास्केट प्लास्टिकची घ्यावी की तारेची? चाकं असलेली बरी का? आणि 'हेवी ड्यूटी, हेवी ड्यूटी' म्हणतोय तो, ते खरं की खोटं ओळखायचं कसं? कुणी केलं असेल तर सांगा.

रंकाळा_कट्टा

५० बास्केट? भावा, एकावेळी ५० माणसं आत शिरली तर तू गल्ल्यावर कुठं बसणार?

माझ्या मामानं ३० घेतल्या होत्या. दिवाळी झाली आणि मोजल्या तर १९. त्यातली एक मी स्वतः बघितली, त्याच गल्लीत एका घरात कांदे भरून ठेवलेत. आता रोजच्या माणसाला मागायची कशी?

शाहूपुरीची_वहिनी

आमचं दुकान शाहूपुरीत, कुंभार गल्लीच्या अंगाला. तुझ्यासारखंच काउंटर मोडून केलेलं. चुका सगळ्या करून झाल्यात, त्यामुळं बिनधास्त सांगते.

पहिलं त्या ड्रॉइंगचं. कागद घे आणि मांड. भिंतीचे दोन रॅक मिळून ३ फूट. मधल्या दोन ओळी दुतर्फा १८ इंच, म्हणजे तीन-तीन फुटाच्या, त्या झाल्या ६. १८ मधनं ९ गेले, उरले ९, आणि वाटा तीन. म्हणजे प्रत्येक वाट ३ फुटाची. एक बाई बास्केट घेऊन खाली वाकून पीठ बघायला लागली की दुसरीला पलीकडं जाता येत नाही. ती "जाऊ दे" म्हणून मागं फिरते, आणि त्या वाटेतला माल त्या दिवशी बघतच नाही. आमच्याकडं पहिले सहा महिने हेच चाललं होतं. साबणाची वाट चालत नाही, चालत नाही म्हणून मी साबणाच्या कंपन्या बदलत बसले होते!

मधल्या ओळीचे कप्पे १२ इंचाचे घे. खांबाची जाडी धरून एक ओळ सव्वादोन फुटात बसते. भिंतीचे १५ इंचाचे कर. आता हिशेब बघ: अडीच आणि साडेचार, झाले ७. वाटांना ११ फूट उरले. दारासमोरची वाट ४ फुटाची ठेव, बाकीच्या साडेतीन-साडेतीन.

आणि खोल कप्पा पैसे खातो हे कुणी सांगत नाही. १८ इंचात बिस्किटाचे पुडे पाठोपाठ किती बसतात बघ. दर्शनी भाग भरलेला दिसावा म्हणून मागचंही भरावं लागतं. तेवढं भांडवल तिथं अडकतं. नवा माल पोरं पुढनं सरकवतात, जुना मागं दबतो, आणि तारीख उलटल्यावर हाताला लागतो. १२ इंचात मागचं हाताला येतं, डोळ्यालाही दिसतं. खोल कप्पा तळाला ठेव, १० किलोचं पीठ आणि तेलाच्या कॅनसाठी.

मधल्या ओळीची उंची साडेचार फुटाच्या वर नेऊ नको. गल्ल्यावर बसून तुला पलीकडच्या माणसाचं डोकं दिसलं पाहिजे. भिंतीला ७ फूट चालेल, वरच्या कप्प्यात खोकी.

आता बास्केट. तुझे बाबा बोलले ते निम्मं खरं आहे. दारात बास्केटची चळत लावून ठेवली तर बाया हात लावत नाहीत. "मीठच न्यायचंय की" म्हणून आत जातात. मीठ घेतात, मग चहापूड दिसते, मग साबण. तिसरी वस्तू काखेत आली की खरेदी थांबली. हात भरले की माणूस गल्ल्याकडं वळतो, पिशवीत पैसे असले तरी. मी एक चळत दारात ठेवली आणि दुसरी आत, पिठाच्या रॅकच्या शेजारी. आतली जास्त उचलली जाते. चळत जमिनीवर नको. गुडघ्याच्या वर येईल एवढ्या उंचीचा स्टँड कर, म्हाताऱ्या माणसाला वाकायला लागू नये.

तारेची मी घेतली होती. क्रोमची, दिसायला झकास. पावसाळ्यात जोडाच्या ठिकाणी, जिथं तार तारेला चिकटवलेली असते तिथं, तांबूस ठिपके आले. मग तो गंज रव्याच्या पिशवीवर उमटायला लागला. एका तारेचं टोक सुटलं होतं, त्यात एका गिऱ्हाइकाच्या इरकलीचा पदर अडकला. साडी भरून दिली नाही, कारण बाई भली होती, पण दोन महिने आली नाही. त्यानंतर प्लास्टिकच.

प्लास्टिक घेताना नाकाला लाव. भंगारातल्या प्लास्टिकला एक जळकट वास येतो, आणि बहुतेक ती काळी किंवा गडद असतात म्हणजे खालचं झाकावं. कड अंगठ्यानं जोरात वाकव. पांढरी रेघ उमटून तशीच राहिली तर ठेव खाली. चांगलं प्लास्टिक वाकतं आणि परत येतं. मग त्यात ५ किलो पीठ आणि ५ लिटरचा तेलाचा कॅन ठेव, दांडी धरून दुकानात दोन फेऱ्या मार. साधारण १० किलो होतं ते. मोडते ती बास्केट कधीच नाही, मोडते दांडी, जिथं ती कडेच्या भोकात अडकवलेली असते तिथं. तेवढा भाग जाड आहे का बघ, आणि दांडीला हाताची पकड रुंद पाहिजे. अरुंद दांडी बोटात रुतते. तळाला भोकं असलेली घे, धुतल्यावर पाणी साचत नाही. धुवून उन्हात वाळत टाकू नको, दारात उन्हाच्या तिरिपीतही चळत नको, ऊन खाऊन प्लास्टिक ठिसूळ होतं.

चाकाच्या ओढायच्या बास्केट ६ घे, जास्त नको. तेलाचा कॅन नेणाऱ्यांना त्या लागतात. पण आधी तुझी फरशी बघ. आमच्याकडं जुनी शहाबादी आहे, सांधे रुंद. बारकी चाकं त्या सांध्यात अडकून खडखड करतात, झोपलेलं मांजर उठून जातं. दाराला पायरी असेल तर ती गाडीपर्यंत जाणार नाही हेही धर. ट्रॉल्या साडेतीन फुटाच्या वाटेत नकोच, त्या पैशात एक जादा वजनकाटा येईल.

किती घ्यायच्या? महिन्याच्या १ ते १० तारखेला संध्याकाळी ७ वाजता आत किती माणसं असतात ते चार दिवस मोज. त्याच्या दीडपट. माझ्याकडं २५ आहेत आणि दिवाळीतच कमी पडतात.

अजून एक. २०१८ मध्ये प्लास्टिक पिशव्या बंद झाल्यापासनं प्रत्येकजण घरची कापडी पिशवी घेऊन येतो. माल थेट त्याच पिशवीत टाकायला लागतात, मग गल्ल्यावर "काढून दाखवा" म्हणायची वेळ येते. दोघांनाही अवघड. मी गल्ल्यासमोर भिंतीला खुंट्यांची ओळ मारली. पिशवी खुंटीला, बास्केट हातात. टोकन वगैरे दिलं नाही, लोकांना अपमान वाटतो.

आणि काउंटर पुरतं मोडू नको बाळा. यादी देणारी माणसं अजून आहेत, निम्मी व्हॉट्सॲपवर फोटो टाकतात. सुटी डाळ, शेंगदाणे, गुळाचा रवा म्हणजे ढेप फोडून द्यायची असते ते, हे सगळं काउंटरमागंच बरं. गूळ रॅकवर ठेवून बघितला होता. पावसाळ्यात पाझरला, खालच्या कप्प्यातल्या पोह्यांवर मुंग्यांची वरात. कांदा-लसूण चटणीचे पुडे चहापुडीजवळ लावू नको. माझ्याकडची चहापूड एकदा परत आली होती, "वहिनी, चहाला फोडणीचा वास येतोय" म्हणून.

पत्रा_आणि_वेल्डिंग

वहिनींनी दुकानाचं सांगितलं, मी लोखंडाचं सांगतो. उद्यमनगरात शेड आहे माझं.

'हेवी ड्यूटी' हे माप नव्हे. पत्र्याचा गेज विचार. १८ गेज म्हणजे साधारण सव्वा मिलिमीटर, २२ गेज म्हणजे पाऊण मिलिमीटरच्या आसपास. गेज वाढला की पत्रा पातळ, नवीन माणूस इथंच फसतो. खांब जाड पाहिजेत. कप्पा पातळ असला तरी खालनं मध्ये आडवी पट्टी वाकवून मारलेली असेल तर चालतो. त्याला सॅम्पल कप्पा मागव, उलटा कर, पट्टी आहे का बघ. जाडी डोळ्यानं कळत नाही, मायक्रोमीटर लाव. पंप-इंजिनं करणाऱ्या गावात राहतोस, कुठल्याही शेडमध्ये दोन मिनिटांत मोजून देतील. वर पावडर कोटिंग, म्हणजे भट्टीत भाजलेला पावडरीचा रंग, असतो त्याचीही थोडी जाडी येते, ती सोडून धर.

कप्प्याला १०० किलो म्हणाला तर ते सगळीकडं सारखं पसरलेलं वजन. बरोब्बर मधोमध तेलाचे कॅन एकावर एक रचलेस तर तो आकडा विसर.

पावडर कोटिंग बघताना दर्शनी भाग बघू नको, तो सगळेच चकचकीत करतात. खांबाच्या खाचांच्या आत आणि कप्प्याच्या खालच्या दुमडीत बघ. रंगाआधी पत्रा नीट धुवून फॉस्फेटिंग, म्हणजे रंग धरावा आणि गंज येऊ नये म्हणून रसायनाचा थर, केलेलं नसेल तर दुमडीतनं रंग पापुद्र्यासारखा सुटतो. गंज सुरू होतो तो पायाशी, कारण फरशी रोज फिनाईलच्या पाण्यानं पुसतात. पायाला उंची कमी-जास्त करायचे बोल्ट असावेत, फरशीला उतार असतोच. तळाची पुढची पट्टी हातानं निघणारी घे. ती ठोकून बसवलेली असली तर आत उंदीर संसार थाटतात आणि तुला वासावरनं कळतं. भिंतीचे रॅक वरनं भिंतीला बोल्टनं पकडून घे, पोरं कप्प्यावर चढतात. भिंत आणि माल यात थोडी फट राहू दे, ओल येते. खाण्याचा माल जमिनीला आणि भिंतीला चिकटून नसावा असं फूड लायसनचे लोकही बघतात.

सगळ्यात मोठी मेख खाचांची. खांबाच्या खाचेत ब्रॅकेटचं, म्हणजे कप्पा पेलणाऱ्या हाताचं, नाक अडकतं, आणि प्रत्येक कंपनीची खाच आणि नाक वेगळं. आज रॅक घेतला, तीन वर्षांनी चार कप्पे जास्त पाहिजे झाले आणि तो माणूस धंदा बंद करून गेला, तर बाहेरचं ब्रॅकेट बसत नाही. ऑर्डर देतानाच दहा-बारा ब्रॅकेट आणि चार कप्पे जादा घेऊन माळ्यावर टाक.

शाहूपुरीची_वहिनी

खाचांचं शंभर टक्के खरं. आमच्या पहिल्या रॅकवाल्याचा फोनच लागत नाही आता. शेवटी उद्यमनगरात एकाकडनं ब्रॅकेट नमुन्यावरनं करून घेतले, पहिले आठ ढिले निघाले.

आणि पुराचं राहिलं. फुलेवाडीत तुझं दुकान उंचावर असेल तर सोड, पण आमच्याकडं २०१९ ला आणि २०२१ ला दोन्ही वेळा पाणी आत आलं. २०१९ ला रॅक बोल्टनं जोडलेले नव्हते, वेल्डिंगचे होते. माल काढला, रॅक हलेनात. चिखल आतल्या कोपऱ्यात बसला तो बसलाच, पुढच्या वर्षी पाय सडले. २०२१ ला कप्पे सुटे होणारे रॅक होते. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फूट झालं की इशारा पातळी, ४३ ला धोका. आम्ही ३९ ची बातमी आली की खालचे दोन कप्पे रिकामे करतो, ४३ ची वाट बघत नाही. त्या वेळी कप्पे काढून माडीवर नेले, मागं नुसते खांब राहिले. पाणी उतरल्यावर पाईपनं धुतले, आठव्या दिवशी दुकान उघडलं. बास्केट त्या आठवड्यात सगळ्यात उपयोगी पडल्या. जिन्यावरनं माल हातोहात वर द्यायला.

ता.क. तू जीएसटीच्या कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या दुकानदारांच्या ठोक कराच्या योजनेत, आहेस का? असशील तर बिलावरचा १८ टक्के जीएसटी परत मिळत नाही. कोटेशन "प्लस जीएसटी" असेल तर तो आकडा मिळवूनच तुलना कर.

फुलेवाडीकर_पोरगा

काकी, दादा, लई आभार. कंपोझिशनमध्येच आहे. कोटेशनमध्ये खाली बारीक अक्षरात "टॅक्स एक्स्ट्रा" होतं, आत्ता दिसलं.

काल रात्री दुकान बंद केल्यावर फरशीवर खडूनं दोन्ही नकाशे मारले, त्याचा आणि काकींचा. बाबांच्या हातात एक बास्केट दिली, आईच्या हातात एक, आणि म्हटलं समोरासमोर चालत या. त्याच्या नकाशात दोघं पिठापाशी अडकले. बाबा म्हणाले, "हिला मागं जायला सांग, मी आधी आलोय." काकींच्या नकाशात दोघं सरळ गेले. बाबांनी मग तीच बास्केट घेऊन अजून दोन चकरा मारल्या, आपणहून.

२० साध्या, ५ चाकाच्या घेतोय. ट्रॉल्या रद्द. सॅम्पल कप्पा मागवलाय, शनिवारी येतोय.

शाहूपुरीची_वहिनी

दार कुठल्या बाजूला उघडतं ते नकाशात काढलंस का? शटरच्या आत काचेचं दार असेल तर ते आत उघडताना बास्केटच्या चळतीवर आपटतं. आमचं आपटायचं.

फुलेवाडीकर_पोरगा

नव्हतं काढलं. आत्ता जाऊन बघितलं, आपटतंय. चळत डावीकडं घेतो.