बारावी सायन्सला 84 टक्के, आणि पोरीला इतिहासात बीए करायचंय. सोलापुरात करावं का?

होटगीरोडकर:
भाचीला इथंच राहून इतिहास शिकायचाय. घरात सुतक पडल्यासारखं झालंय. ताईचं एकच, "लोक म्हणतील, मार्क कमी पडले का?" माझं मत सरळ आहे, जाऊ द्या तिला. आर्ट्स म्हणजे उरलेल्यांची शाखा हे आपणच करून ठेवलं, आणि तिथं दम नाही म्हणून ओरडतोही आपणच. 1930 च्या मे महिन्यात याच गावात काही दिवस इंग्रजांचा अंमल उरला नव्हता, शेवटी मार्शल लॉ लावावा लागला. 12 जानेवारी 1931 ला चौघांना येरवड्यात फाशी दिली. अशा गावात इतिहास शिकणं कमीपणाचं कधीपासून झालं? विरोधात असाल तर बिनधास्त लिहा, ताईला दाखवणार आहे.

शेंगाचटणी:
विरोधात. त्या चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपुढनं जाताना माझाही हात कपाळाला जातो, पण अभिमानावर घरभाडं निघत नाही. बीए, एमए, नेट-सेट, पीएचडी, एवढं करून सीएचबीवर तासाच्या हिशेबानं शिकवायचं आणि सुट्टी लागली की पगार बंद. आवड आहे ना? इंजिनिअरिंग करून रविवारी वाचा की. पुस्तकं कुणाचं अ‍ॅडमिशन विचारत नाहीत.

होटगीरोडकर:
सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस बघा, पुण्याला निघालेले निम्मे इंजिनिअर दिसतील. गाव तर त्यांनाही सोडावंच लागतं. (गाडीला ते नाव कुणावरून पडलं हे त्यातल्या किती जणांना सांगता येईल, त्यासाठी वेगळा धागा काढतो.)

शेंगाचटणी:
इंजिनिअर पुण्यात उतरून पगार घेतो. बीएवाला पेठेत कॉट घेऊन एमपीएससीचे फॉर्म भरतो. फरक आहे भाऊ.

कुडलचा_संगम:
रविवारी वाचून भागतं हे मला पटत नाही. भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडलला जाऊन या. तिथल्या देवळात शके 940 चा, म्हणजे 1018 सालचा लेख आहे. मराठीच्या सर्वात जुन्या लेखांत तो धरला जातो, आणि आपल्या सोलापूरच्याच आनंद कुंभारांनी तो उजेडात आणला. असले झिजलेले लेख वाचताना बॅटरी समोरून मारली तर नुसता दगड दिसतो. बाजूनं तिरकी धरली की खाचेत सावली पडते आणि अक्षर उठून येतं. पण ते अक्षर त्याच काळातलं की मागाहून कुणी कोरलेलं, हे सांगायला तसले पुष्कळ लेख वाचलेला माणूस शेजारी लागतो. ते शिक्षण यूट्यूबवर मिळत नाही.

पूर्वभाग:
मी याच जिल्ह्यात बीए केलंय, म्हणून विचारते: तुम्ही म्हणताय ते बीए कुठं मिळतं? आमच्या पूर्व भागात मुलीला आर्ट्सला घालतात कारण फी कमी, आणि रोज गेलं नाही तरी चालतं. घरी आईबरोबर पानं कातरून विड्या वळता येतात. परीक्षा आली की गाईड आणायचं, मागचे पेपर बघायचे, पास. तीन वर्षांत कुणी तिरकी बॅटरी दाखवली नाही. सायन्सवाल्यांना निदान प्रॅक्टिकलला तरी हजर राहावं लागतं. हौसेनं बीए करायला पाठीशी घर लागतं. भाचीच्या आहे, तिनं खुशाल करावं. पण म्हणून सगळ्यांनाच सल्ला देत सुटू नका.

कुडलचा_संगम:
हा दोष शिकवण्याचा झाला, विषयाचा नाही.

पूर्वभाग:
विषय काय हवेत असतो का? तो वर्गातच भेटतो ना. आमच्या गल्लीत तेलुगू, पलीकडं कन्नड, बाजारात उर्दू, वर्गात मराठी. माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरींना यातल्या तीन तरी यायच्या. गिरणीत राबलेली म्हातारी माणसं घराघरात होती. त्यांच्याशी बोलून लिहून आणा, असं एकाही सरांनी सांगितलं नाही. प्रोजेक्ट सायबर कॅफेतून छापून आणला, वर प्लास्टिकचं कव्हर लावलं, 20 पैकी 18. तेवढं एक काम खरंखुरं करून घेतलं असतं तर मी आज तुमच्या बाजूनं भांडले असते.

शेंगाचटणी:
हे मात्र मी सुद्धा ऐकून घेतलं. होटगीरोडकर, फॉर्म भरायच्या आधी दोन गोष्टी विचारा. विभागात कायम प्राध्यापक किती, आणि पुढच्या वर्षांना पोरं नाहीत म्हणून इतिहास स्पेशल बंद तर पडत नाही ना. 2004 पासून आपल्या जिल्ह्याला स्वतःचं विद्यापीठ आहे, कामासाठी कोल्हापूर गाठावं लागत नाही, तेव्हा चौकशीला आळस करू नका. माझं मत अजून इंजिनिअरिंगच.

होटगीरोडकर:
सोमवारी दोन-तीन कॉलेजं फिरतो. मोडी शिकवतात का तेही विचारतो. ताईनं धागा वाचला, तिला पूर्वभागचं म्हणणं सगळ्यात पटलं. भाचीलाही तेच पटलं. ताई म्हणते, "बघ, म्हणून नको." भाची गिरणीतल्या आजोबांचे पत्ते विचारतेय.