कॉलेजात प्रॉडक्ट मॅनेजमेंटचा क्लब काढलाय, वर्षभर नेमकं काय करावं?

कर्वेनगरकर_टीई
नमस्कार मंडळी. मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. यंदा आम्ही काही जणांनी मिळून प्रॉडक्ट मॅनेजमेंटचा, म्हणजे अ‍ॅपसारख्या प्रॉडक्टमध्ये काय आणि कुणासाठी बनवायचं हे ठरवायच्या कामाचा, क्लब काढलाय, कारण कॅम्पसला येणाऱ्या कंपन्या डेव्हलपर आणि टेस्टर घेऊन जातात, पीएमसाठी (प्रॉडक्ट मॅनेजरसाठी) कुणी येत नाही. बाकीच्यांचं म्हणणं, दर महिन्याला एक पाहुणा बोलवू आणि शेवटी सर्टिफिकेट देऊ. यातून नोकरी कशी लागणार हे मला कळत नाहीये. आणि एमबीएशिवाय या लाइनीत घेतात का?

बाणेरची_पीएम
मी फ्रेशर्सच्या मुलाखती घेते. सर्टिफिकेटांचा रकाना मी वाचतही नाही. मी विचारते, 'कुणाची अडचण सोडवलीस, आणि ती खरी आहे हे तुला कसं कळलं?' बहुतेक मुलं इथेच अडतात. जेवण मागवायच्या अ‍ॅपमध्ये काय बदलावं याच्या ढीगभर स्लाइड्स तयार असतात, पण एकाही डिलिव्हरीवाल्याशी बोललेली नसतात.

तेव्हा आधी सदाशिव पेठेत जा. तिथल्या अभ्यासिका एमपीएससीच्या मुलांनी भरलेल्या असतात. मी एका क्लबला मदत करत होते, तिथल्या दोन मुलींना अभ्यासिकेची जागा बुक करायचं अ‍ॅप करायचं होतं. मी म्हटलं, कोड नंतर. त्यांनी चहाच्या टपरीवर मुलांना गाठून विचारलं, 'जागेवरून शेवटचं कधी अडलं होतं?' कळलं ते भलतंच. जागा महिन्याच्या फीवर ठरलेली असते, रोज बुक करायचा प्रश्नच नाही. पण पूर्वपरीक्षा झाली की बरीच मुलं गावी जातात, फी भरलेली आणि खुर्ची रिकामी. त्याच वेळी आठवडाभरापुरती जागा हवी असलेली मुलं दारातून परत जातात. मालकांच्या वहीत गावी कोण गेलंय याची नोंदच नव्हती.

अ‍ॅप बाजूला राहिलं. वहीत एक जादा रकाना आणि एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, एवढ्यावर महिनाभर चालवून बघितलं. किती खुर्च्या भरल्या, परत आलेल्याची फी कशी वळती करायची यावर मालक कुठे अडले, सगळं दोन पानांत लिहिलं. त्यातल्या एकीने मुलाखतीत तीच पानं पुढे ठेवली. असोसिएट पीएम, म्हणजे पीएमच्या सुरुवातीच्या पदावर लागली ती!

एमबीए काही कंपन्या मागतात, सगळ्या नाही. गूगलने २००२ मध्ये असोसिएट पीएमचा कार्यक्रम काढला तोच मुळी नवख्या पदवीधरांसाठी.

पाहुणे जरूर बोलवा, पण भाषणाला नको. मुलांनी लिहिलेलं त्यांच्यापुढे ठेवा आणि चुका काढायला लावा.

सपोर्टवाला
ताईंशी सहमत, एक भर घालतो. फ्रेशरला थेट पीएमच्या जागा फार थोड्या निघतात, हे पोरांना पहिल्याच दिवशी सांगा. मी हिंजवडीत सपोर्टला लागलो. जीएसटीचं इन्व्हॉइस दुरुस्त करता येत नाही, ही तक्रार सारखी यायची. तशी तिकिटं, म्हणजे नोंदवलेल्या तक्रारी, मोजून मी दर शुक्रवारी पीएमला पाठवायचो. पुढे त्याच टीमने मला आत घेतलं. सपोर्ट, टेस्टिंग, बिझनेस अ‍ॅनालिस्ट या वाटांना क्लबने कमी लेखू नये.

कर्वेनगरकर_टीई
दोघांचे आभार. ताई, अभ्यासिकेचे मालक आम्हाला उभं करतील का?

बाणेरची_पीएम
'कॉलेजचा प्रोजेक्ट आहे' म्हणालात तर नाही करणार. 'तुमच्या खुर्च्या कधी रिकाम्या राहतात' इथून सुरुवात करा. मुलांना गाठायचं तर दुपारी चारच्या सुमाराला, चहाला खाली उतरतात तेव्हा. दोघंच जा, घोळका दिसला की कुणी मोकळं बोलत नाही. लिहून झालं की इथे टाक, मी वाचते.