लॉर्ड चान्सलरला कायदा यायला नको?

कोर्टकचेरी: कालच्या पोस्टमध्ये कुणी लिहिलंय, ब्रिटनमध्ये २००५ च्या कायद्याने लॉर्ड चान्सलरचे, म्हणजे न्यायव्यवस्था सांभाळणाऱ्या मंत्र्याचे, पंख छाटले ते बरंच झालं, आता तो चारचौघांसारखा मंत्री. काय बरं झालं? नोव्हेंबर २०१६ आठवा. ब्रेक्झिटची, म्हणजे युरोपीय संघ सोडण्याची, नोटीस संसदेला विचारून द्या, एवढंच हायकोर्टाच्या तिघा न्यायाधीशांनी म्हटलं. दुसऱ्या दिवशी डेली मेलने पहिल्या पानावर तिघांचे फोटो छापून त्यांना 'जनतेचे शत्रू' ठरवलं. न्यायालयाचं स्वातंत्र्य जपण्याची शपथ घेतलेल्या तेव्हाच्या लॉर्ड चान्सलर लिझ ट्रस यांनी निवेदन काढलं ते उशिरा आणि मोघम, पेपरबद्दल अवाक्षर नाही. जुने लॉर्ड चान्सलर बहुधा कारकिर्दीच्या शेवटी त्या खुर्चीत बसायचे. पुढच्या खात्याची आशा नसल्याने पंतप्रधानांना तोंडावर नाही म्हणू शकायचे.

गावकुस: आणि २००५ आधी तोच माणूस मंत्रिमंडळात, तोच संसदेच्या वरच्या सभागृहाच्या, लॉर्ड्सच्या, सभापतीच्या आसनावर, तोच न्यायाधीश नेमणार आणि वाटलं तर स्वतः अपील ऐकायलाही बसणार! हे आपल्याकडे चालवून घेतलं असतं का तुम्ही?

कोर्टकचेरी: न्यायाधीशांच्या नेमणुका आता स्वतंत्र आयोगाकडे गेल्या, ते ठीक. पण कायदा न शिकलेला माणूस तिथे नको. २०१२ ला असेच वकील नसलेले ख्रिस ग्रेलिंग लॉर्ड चान्सलर म्हणून आले आणि कैद्यांना घरून पुस्तकं पाठवण्यावर बंधनं घातली. कोर्टाने ती बेकायदा ठरवली.

लेस्टरकर: ग्रेलिंगचं नाव काढलंत म्हणून लिहितो. त्यांच्याच काळात, २०१३ मध्ये, एम्प्लॉयमेंट ट्रायब्युनलला, म्हणजे नोकरीचे तंटे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाला, फी लागली. पुढच्या वर्षी एका रेस्टॉरंटच्या किचनमध्ये मालकाने माझा ओव्हरटाइम बुडवला, पाचशे पौंडांच्या आसपास. फी किती? अर्जाला १६० पौंड, सुनावणीला २३०. हरलो तर तेही गेले. गप्प बसलो. २०१७ ला सुप्रीम कोर्टाने फी बेकायदा ठरवली, भरलेल्यांना परत मिळाली. ज्यांनी अर्जच केला नाही त्यांना काय मिळालं?

कोर्टकचेरी: वाईट झालं, पण विषय राज्यघटनेचा आहे, तुमच्या पगाराचा नाही.

लेस्टरकर: घटना हवेत असते का? माणूस कोर्टाच्या दारापर्यंत पोचू शकतो की नाही, हीच घटना! आणि वकिलांचं कौतुक पुरे. घटस्फोटापासून कर्जापर्यंत कितीतरी बाबतींत लीगल एड, म्हणजे वकिलासाठी मिळणारी सरकारी मदत, काढून घेणारा २०१२ चा कायदा कुणी आणला? ग्रेलिंगच्या आधीचे लॉर्ड चान्सलर केन क्लार्क यांनी. पक्के बॅरिस्टर, क्वीन्स काउन्सेल हा ज्येष्ठ वकिलांचा किताब मिळालेले.

गावकुस: याला उत्तर द्या.

कोर्टकचेरी: क्लार्कचं मान्य, नाइलाजाने. तरी २००५ च्या कायद्यातली पात्रता वाचा: मंत्री, खासदार, वकील, प्राध्यापक म्हणून अनुभव, नाहीतर पंतप्रधानांना योग्य वाटेल तो कुठलाही अनुभव. ही पात्रता आहे?

लेस्टरकर: नाही, एवढं तुमचं खरं. पण त्याच कायद्यातल्या शपथेत कोर्टांना पुरेशी साधनं देण्याचं वचनही आहे. गंभीर गुन्ह्यांचे खटले चालवणाऱ्या क्राउन कोर्टात ७०,०००हून जास्त खटले तुंबलेत. पदवी नंतर विचारा, आधी त्या वचनाचा हिशेब मागा.